भिंतीएवढ्या पडद्यावर भोरड्या

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी वडिलांच्या नजरेबद्दल आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "आता मोठं असेल तेवढंच दिसेल, आणि तेही फार दिवस नाही." म्हणून तर वडिलांनीच पूर्वी कॅमेऱ्यात टिपलेला भोरड्यांचा थवा त्यांना एकदा भिंतीएवढा दाखवायचा, असं लेकीनं मनावर घेतलं. विज्ञान केंद्राचं सभागृह हातापाया पडून मिळवलं, तेही सकाळी दहा ते अकरा, एवढंच.

लेक धंद्यानं व्हिडिओ एडिटर. फाइल बनवली ती सगळ्यात नव्या कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या नव्या पद्धतीत. आकारानं लहान, दर्जा उत्तम! थवा पडद्यावर आला, दोन क्षण उडाला आणि हवेतच थिजला.

"ताई, कोडेक तुमचा नवा, मशीन आमचं म्हातारं," ऑपरेटरकाका म्हणाले. "त्याला हे उलगडता येत नाही. जुन्या कोडेकमधलं काही आहे का?"

होतं. मोबाइलवर पाठवण्यासाठी दाबून दाबून बारीक केलेलं. ते मात्र सुरळीत चाललं. पण हजारो पक्षी एकदम वळले की चौकोनी ठिपक्यांचा नुसता लगदा.

"त्या दिवशी धुकं होतं का गं?" पहिल्या रांगेतून वडिलांनी विचारलं.

तिनं लॅपटॉप पुढे ओढला. "नाही बाबा. माझा शहाणपणा नडला. थांबा जरा."

लहान फाइल म्हणजे हुशारी, ही तिची वर्षानुवर्षांची खोड. आता तिनं ती गुंडाळून ठेवली. लॅपटॉपवरची मूळ फिल्म उघडली, थव्याची चारच मिनिटं घेतली, कोडेक जुनाच ठेवला, पण डेटा सढळ हातानं दिला. फाइल चांगली गलेलठ्ठ झाली.

"पेनड्राइव्हवरून चालवू नका काका, अडखळेल. मशीनच्या डिस्कवरच घ्या."

अकराला दहा कमी असताना थवा उठला. न अडखळता, न फुटता, एकेक पंख सुटा. काकांनी हसून मान डोलावली.

वडील उठले, नजरेचा मधला भाग गेलेला म्हणून मान तिरकी करून डोळ्याच्या कडेनं पाहू लागले.

"तो बघ, खाली डावीकडे. एकटाच मागे पडलाय... अरे, चल की! हां, मिळाला बघ थव्यात."

ही चार मिनिटं तिनं शंभर वेळा तरी पाहिली असतील. तो पक्षी तिला आज पहिल्यांदा दिसला.