बारा डझनांची पाटी

मी बटणं मोजायची पाटी बोलतेय. फळीला खळगे पाडले की झाली पाटी, असं ज्यांना वाटतं त्यांना मी एवढंच विचारते, एकशे चव्वेचाळीस बटणं तुम्ही एका दमात मोजाल का? मधेच कुणी "चहा ठेवू का?" विचारलं की आलात पुन्हा एकावर. माझं तसं नाही. माझ्यावर ओंजळभर बटणं ओतायची, जरा हलवायचं. एकेका खळग्यात एकेक बटण बसतं, उरलेली कडेने घरंगळून जातात. मग मला पिशवीत उपडं करायचं. झाला एक ग्रोस, म्हणजे बारा डझन.

मला घडवलं एका बडबड्या सुताराने. बारा ओळी, ओळीत बारा खळगे, इतकं साधं काम. पण शेवटच्या ओळीला त्याचा मेहुणा येऊन टेकला. दोघांच्या गप्पा रंगल्या आणि त्या ओळीत दाटीवाटीने तेरा खळगे पडले. मला कळलं होतं. पण नव्या कोऱ्या पाटीचं ऐकतो कोण?

बटणांच्या दुकानात मी मालकीणबाईंच्या हाताखाली आले. खरं तर त्याच माझ्या हाताखाली होत्या, पण असो. बाईंचा तोरा एकच, "आमच्या मोजणीत चूक नसते." दूधवाला असो की सख्खा दीर, बाई त्याचा हिशोब तोंडावर खोडून काढायच्या. अशी तीस वर्षं गेली. गिऱ्हाईक आमच्यावर भलतंच खूश असायचं. का, ते मला ठाऊक.

मग घरात सून आली. मुलगी गुणाची, पण हाताला चैन नाही. एका दुपारी केसांची पिन घेऊन माझ्या खळग्यांतला मळ काढायला बसली आणि काढता काढता मोजत गेली. दोनदा मोजलं. मग हळूच म्हणाली, "आई, ही एकशे पंचेचाळीसची आहे."

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. सुनेने जास्तीच्या खळग्यात मेण भरलं. तिला वाटलं, मिटलं. पण दुसऱ्या दिवसापासून बाई दुकानात येईनात. मागच्या खोलीतून त्यांचं बोलणं मला ऐकू यायचं, "जन्मभर जगाच्या चुका काढल्या मी. आता कुठल्या तोंडाने तिथे बसू?" मला फार वाईट वाटायचं. चूक सुताराची आणि तोंड लपवायचं बाईंनी.

आठवड्याभराने शिंपीकाका तणतणत आले. "सूनबाई, एक बटण कमी दिलंत."

"काका, बरोबर एकशे चव्वेचाळीस आहेत."

"मग कमीच की. ग्रोस एकशे पंचेचाळीसचा असतो. तीस वर्षं इथूनच नेतोय मी, मला नका शिकवू. बारा कोटांना बारा-बारा, आणि एक माझ्या हातून हरवायला."

सुनेला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात आवाज ऐकून बाई दारात आल्या. त्यांना बघताच काका म्हणाले, "तुम्ही बसा बरं जागेवर. तुम्ही नसलात की या दुकानाचं काही खरं नाही."

बाई बसल्या. मला मांडीवर घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एकेका खळग्यावर बोट ठेवून मोजायला लागल्या. एकशे त्रेचाळीस भरले. चष्मा पुसून पुन्हा मोजले. एकशे सत्तेचाळीस. काकांनी मला ओढून घेतलं, त्यांचे एकशे एकेचाळीस आले.

"आई, मी सांगू का?" सून म्हणाली.

"काही नको," बाई म्हणाल्या. "माणसाच्या मोजण्याचा काय भरवसा? म्हणून तर पाटी लागते." आणि त्यांनी सुनेच्या केसांतली पिन मागून घेऊन मेण उकरून काढलं.

आता बाई रोज दुकानात असतात, आवाजही पहिल्यासारखा चढलाय. माझी एक कड झिजलीये, पण काम थांबलेलं नाही. तुम्ही या, हवी तेवढी बटणं न्या. फक्त घरी जाऊन ती मोजू नका, आणि मोजलीतच तर बाईंना सांगू नका.