उतरवलेला तबला

"विश्वास सगळ्यांवर ठेव, पण चाव्या स्वतःच्या कमरेला," गुरुबाई म्हणायच्या. "आपला कार्यक्रम आपणच उभा करणाऱ्या बाईने एवढं पाळावं."

मी ते पाळत आले. हॉल मीच ठरवते, पोस्टरं मीच लावते. यंदा खर्चाला हातभार लावणारा सायकलच्या दुकानाचा मालकही मीच हेलपाटे घालून मिळवलेला. तबल्याला मात्र धाकटे दीर. घरचा माणूस, तिथे कसली चावी लावायची?

संशयाची सुरुवात जाहिरातीपासून झाली. माझं गाणं भाऊजींनी मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि लोकांना पाठवायचा तुकडा कापला, तो नेमका मी वरच्या सा कडे निघाले तिथे.

"अहो, ताट वाढून ओढून घेतल्यासारखं झालं हे," मी म्हटलं.

"भूक राहू दे की, वहिनी. मग तिकीट काढतील." ते हसले, पण माझ्याकडे न बघता.

पुढे हॉलच्या मॅनेजरांचा फोन आला. "तुमचे दीर येऊन गेले. मध्यंतर मोठं ठेवा म्हणाले. वहिनींना सांगू नका असंही म्हणाले. पण बुकिंग तुमचं, म्हणून कानावर घातलं."

मध्यंतर मोठं कशाला? माझ्या कार्यक्रमाच्याच संध्याकाळी पलीकडच्या रस्त्यावरच्या सभागृहात दुसऱ्या एका गायिकेचा कार्यक्रम होता. मधल्या वेळात तिची साथ करून परत यायचं? की परत यायचंच नाही? तबल्यावाचून माझी उरलेली मैफल म्हणजे फजिती.

घरी ह्यांना सांगितलं, तर हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, "तो? दोन दगडांवर पाय ठेवायला त्याला एक तरी धड चप्पल आहे का?"

मला हसू आलं नाही. जपाला बसले की मणी सरकायचे आणि मन त्या सभागृहाच्या दारात जाऊन उभं राहायचं. देवापुढे बसून माणसावर पाळत ठेवायची! लाज वाटायची, पण पाळत काही सुटत नव्हती.

शनिवारी दुपारी मागच्या खोलीतून ठोकल्याचा आवाज आला. भाऊजी हातोडीने तबला सुरात लावत होते. मी दाराशीच थांबले. माझी गाण्याची पट्टी काळी चार. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांचा तबला त्याच सुराला. आज बोलत होता तो सूर चांगलाच खालचा. तबलाही नेहमीचा नाही, खालच्या सुरासाठी घेतात तसा मोठ्या तोंडाचा. आणखी काय पुरावा हवा होता?

"कोणासाठी लावताय?"

ते दचकले.

"तिचा आवाज खालचा आहे वाटतं," मी म्हणाले. आवाज चढवायची सवय नाही मला. म्हणूनच बहुधा ते जास्त घाबरले.

"कुणाचा?"

"जिच्याकडे मध्यंतरात जाणार आहात तिचा."

हातोडी खाली ठेवून ते म्हणाले, "वहिनी, हा तुमच्यासाठी लावलाय."

त्यांनी फोनवर त्याच खालच्या सुरात तानपुरा लावला. "बसा. एकदाच."

मी गायले. आवाज कुठेही न खरवडता वरच्या सा वर गेला आणि तिथे टेकला. कित्येक महिन्यांत तो असा टेकला नव्हता. ते मला ठाऊक होतं; फक्त मला वाटत होतं की आणखी कुणाला ठाऊक नाही.

"त्या तुकड्यात पुढे आवाज फाटला होता," भाऊजी म्हणाले. "म्हणून कापला. आणि मध्यंतर मोठं, तुम्हाला जरा गप्प बसता यावं म्हणून."

"मग सांगायला तोंड नव्हतं?"

"रोज पहाटे देवापुढे तुम्ही काळी चारमध्येच स्तोत्र म्हणता. सूर उतरवा म्हणायचं म्हणजे नेम मोडा म्हटल्यासारखंच. म्हटलं, स्टेजवर तानपुराच हळूच खाली लावू. तुमच्या लक्षात येणार नाही."

"माझ्या? लक्षात येणार नाही?"

"तेच तर. मलाही पटत नव्हतं."

तेव्हा कुठे मला हसू फुटलं, आणि हसताना घसा दुखला. त्यांनी ते पाहिलं.

"घशाच्या डॉक्टरांना दाखवा, वहिनी. आणि ते हो म्हणेपर्यंत आवाज बंद. देवापुढेसुद्धा. वचन द्या."

मी फोनवरचा तानपुरा बंद केला. "दिलं," मी म्हणाले.

सोमवारी पहाटे स्तोत्र ओठ मिटून म्हटलं. देवापर्यंत पोचलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. सकाळी आवरून पिशवी घेतली.

"कुठे निघालीस? तिकिटांसाठी कुणाचा तरी फोन आहे बघ," हे स्वयंपाकघरातून ओरडले.

मी उत्तर दिलं नाही. दार हळूच ओढून घेतलं आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागले.