दोन काठ्यांचं घड्याळ

"माजा घड्याल कुठं लपवलास, मेल्या?"

आवडाबाईने विजेवरचं, लाल आकड्यांचं घड्याळ काउंटरवर आदळलं. कॅल्क्युलेटर न्यायला आलेले एक गृहस्थ दचकून मागे सरले.

दौलतने मान वर केली नाही. घड्याळं, कॅल्क्युलेटर, जे काही आकडे दाखवायचं बंद होई ते टेंभी नाक्यावरच्या त्याच्या टपरीत येई. हात चांगला आणि तोंड फटकळ. दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूच्या पाठीवर तो आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवी, आणि तेवढ्यापुरता त्याचा रुबाब एखाद्या इन्स्पेक्टरचा असे.

"हेच तुमचं. तुमचा चंदू घेऊन आलेला. तासाच्या आकड्यातली मधली आडवी रेघ लागत नव्हती, ती लावली. उपकार माना."

"माज्या पोराला फसवलास. माज्या दादल्यानं मस्कतवरनं आनलेला घड्याल येगला. या तुज्या घड्यालात दोन काठ्या येतच नाय. रोज वाट बघत निजून ऱ्हाते. धक्क्यावरचा लिलाव गेला, टोपली रिकामी."

"कसल्या काठ्या?"

"एक आखूड, एक लांब. खाडीत जालं बांधायला रोवतात तशा. त्या दिसल्या की उठायचा, असा गुणाजीनं शिकवलान मना. तो गेला, तरी काठ्या येत व्हत्या."

दौलतने घड्याळ प्लगला लावलं आणि बटण दाबत चारवर आणलं. लाल चार झळकला. त्यातली आडवी रेघ त्याने मनातल्या मनात पुसली. उरल्या दोन काठ्या.

"मावशी, चार असाच असतो. तुमचा बिघडलेला होता."

"माजा मानूस मना चुकीचा शिकवल काय?"

दौलत चिडला. वस्तू बिघडवून मागणारं गिऱ्हाईक त्याला आजवर भेटलं नव्हतं. पण अंधारात त्या लाल आकड्यांकडे बघत पडलेली बाई डोळ्यांपुढे आली, वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून तो आणखीच चिडला. घड्याळ उचलून तो फळकुटामागे गेला. डाग देण्याचं सोल्डरिंग आयर्न तिथेच तापत असे. त्याने आपणच दिलेला डाग वितळवला, तार सोडवली. बंद करताना पाठीवरची चिठ्ठी दिसली. बिघडलेल्या वस्तूवर त्याने आपलं नाव कधी ठेवलं नव्हतं. नखाने खरवडून काढली.

बाहेर येऊन त्याने पुन्हा चार लावले. आवडाबाईचं बोट काचेवरून फिरलं, डोळे भरले. मग तिने घड्याळ उलटं केलं.

"चिठ्ठी नाय," ती गृहस्थांना म्हणाली. "बगितलाव? त्या दुसऱ्यावर याची चिठ्ठी व्हती. माजा आत दडवून ठेवला व्हता चोरट्यानं."

गृहस्थांनी दौलतकडे पाहिलं. एका वाक्यात निकाल लागला असता. पण आपणच ते आत्ता बिघडवलं हे सांगितलं असतं, तर त्या काठ्या गुणाजीच्या राहिल्या नसत्या. दौलतने तोंड मिटून घेतलं. त्याला ते फार जड गेलं.

शिव्या देत ती गेली. घड्याळ तिने पदराखाली घेतलं होतं.

दौलतने कॅल्क्युलेटर पुढे केला. गृहस्थांनी एकेक बटण दाबून पाहिलं. सगळे आकडे लख्ख उमटत होते. तरी त्यांनी तो उलटासुलटा केला.

"हा माझाच आहे ना?"

"हो," दौलत म्हणाला. नखात अडकलेला गोंद तो काढत होता.