माझ्या चित्रात न आलेली धाप

मी एक जुने सीटी स्कॅन यंत्र आहे. अकोल्याच्या एका दवाखान्यात, जिन्याखालच्या थंड खोलीत माझी बारा वर्षे गेली. मित्रांनो, करोनाच्या दिवसांत माझ्या दारात रांगा लागत. "हे मशीन होतं म्हणून निभावलं," असे सगळे म्हणत आणि मी मनातून फुगत असे.

साथ ओसरल्यावर पातूरकडची आबेदा आली. करोना होऊन सहा महिने झाले, तरी कापसाची एक ओळ वेचताच तिला धाप लागे. मी तिची छाती तपासली. चित्र अगदी स्वच्छ आले.

तिचा नवरा फारुख सुटल्यासारखा हसला. "मशीन झूट बोलते काय? तुले काईच नाई झालं. बोंडअळीनं अर्धा कापूस खाल्ला, उरलेला तरी वेचू."

"मशीनले नसन दिसत," आबेदा म्हणाली, "मले तं समजून राहिलं."

तिचे कोणी ऐकले नाही. तिसऱ्या आठवड्यात ती शेतातच कोसळली. फारुखने तिला जीपमधून आणले, तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते.

या वेळी डॉक्टर आचलने तिला शेजारच्या खोलीतल्या गॅमा कॅमेऱ्याखाली झोपवले. शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध टोचले. ते रक्ताबरोबर फुफ्फुसात जाते आणि रक्त पोहोचते तिथे चित्र उजळते. आबेदाच्या फुफ्फुसात तीन जागा काळ्याच राहिल्या. विषाणू गेला होता, पण मागे राहिलेल्या गुठळ्यांनी बारीक रक्तवाहिन्या बुजल्या होत्या. मला फुफ्फुसाची घडण दिसते, त्यातले रक्त कुठवर पोहोचले ते दिसले नव्हते.

फारुख तिच्या खाटेशी खाली मान घालून बसला. "मशीनचं आयकलं, तुह्यं नाई आयकलं."

"आता आयक," ती म्हणाली. "यंदा वेचणी तू कर."

औषधांनी ती वाचली. मात्र पूर्वीचा दम काही परत आला नाही. आजही तपासणीला येते तेव्हा जिन्यात दोनदा थांबते.

मित्रांनो, एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. पहिल्या दिवशी "श्वास रोखून धरा" असे मी म्हटले, तेव्हा तिला पाच आकडे मोजेपर्यंतही तो धरता आला नव्हता. मला ते जाणवले होते. चित्र साफ आले, म्हणून मी गप्प राहिलो.

यंत्रांना जरूर जपा. पण कोणी "दम लागतो" म्हणाले, तर आमचा कागद बाजूला ठेवून आधी त्याचे पुरते ऐकून घ्या.