रेषेपलीकडचं भगुणं

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, माकणीच्या शिवारात महेश्वरीने फेकलेला चार किलोचा लोखंडी गोळा भज्जीच्या भगुण्यावर जाऊन आदळला. भगुणं आडवं झालं, भज्जी रानात सांडली. कुणाला इजा झाली नाही.

एवढ्यावर सगळ्यांचं एकमत आहे. गोळा आधी जमिनीवर पडला की थेट भगुण्यावर, इथून मतभेद सुरू होतात. आणि महेश्वरीचं पुढचं सगळं त्याच एका गोष्टीवर ठरणार होतं.

महेश्वरी वीस वर्षांची. उमरग्याच्या एका अकॅडमीत राहून ती पोलीस भरतीची तयारी करते. पळण्यात ती कायम पहिल्या तिघींत असते. अडतं ते गोळ्यात. पूर्ण गुण मिळायला जेवढं अंतर लागतं, त्याच्या हातभर अलीकडे तिचा गोळा पडायचा.

"ताकद कमी पडतीया," असं अकॅडमीचे बलभीम सर पहिल्या महिन्यापासून सांगत होते. सर फौजेतून निवृत्त झालेले. त्यांच्या मते जगातल्या बहुतेक अडचणींवर अंडं हा उपाय होता. "रोज चार अंडी आन् लिटरभर दूध. दोन महिन्यांत गोळा कुंपणाबाहेर."

यातलं महेश्वरीला काहीच चालत नव्हतं. घर लिंगायतांचं, त्यामुळे मांस-अंडी ताटात कधी आलीच नाहीत. दूध तिला लहानपणापासून सोसत नाही. घोटभर ताकानेसुद्धा अंगावर लाल गांधी उठतात. दहावीत चिक्की खाल्ली आणि ओठ सुजून आले, तेव्हापासून भुईमूग बंद. सोयाबीनच्या वड्यांनी घसा खाजला, तेव्हा डॉक्टरांनी तेही बंद केलं. सोयाबीन गेल्याचं घरात कुणाला फारसं वाटलं नाही. माकणीत सोयाबीन पोत्यात भरून आडतीला न्यायचं असतं. ते ताटात कोण वाढतं?

अकॅडमीतल्या मुली तिला 'वीगन' म्हणायला लागल्या. तिने मोबाईलवर शोधून पाहिलं. त्यातली माणसं बदामाचं दूध पीत होती आणि सोयाबीनचं पनीर खात होती.

"म्या त्यातली न्हाय," ती म्हणाली. "म्या उरलेली हाय."

एकदा सरांनी तिला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "अंडं खा. घरी कोण सांगायला जातंय?"

"घरी कळंल म्हणून न्हाय, सर. मलाच नको."

भुईमूग टाळणं बोलायला सोपं. मराठवाड्यात कूट नाही अशी भाजी शोधावी लागते. श्रावणात मेसवाल्याने तिला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "ताई, एक शेंगदाणा न्हाय ह्याच्यात." ते खरंच होतं. शेंगदाणा नव्हता, कूट होता. कूट म्हणजे शेंगदाणाच, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याच्या लेखी शेंगदाणा म्हणजे अख्खा. महेश्वरीला दवाखान्यात सुई घ्यावी लागली. त्यानंतर ती नुसती भाकरी आणि पातळ वरण खाऊ लागली, आणि महिन्याभराने पळताना मैदानावरच चक्कर येऊन पडली.

वडील बंडप्पा गाडी घेऊन आले आणि तिला घरी घेऊन गेले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"पोरगी वाळून चाललीया," ते बायकोला म्हणाले. "वर्दी घालायला अंग तर पायजे का न्हाय?"

महेश्वरीची आई दैवशाला बोलायला कमी आणि करायला जास्त. तिने कोठीतले डबे खाली काढले आणि जमिनीवर ओळीने मांडले. तूर, हरभरा, मूग, मटकी, उडीद, हुलगा, जवस, कारळं.

"हे समदं चालतं का न्हाय तुला?"

"चालतं."

"मग रडतीस कशाला? शेंग सोडून ईस जिन्नस हायती घरात."

नियम एकच ठरला. दर जेवणात डाळ, आणि डाळ म्हणजे पाणी नव्हे. वरणात चमचा उभा राहिला पाहिजे. सकाळी डाळ्याचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवून. मधल्या वेळेला मोड आलेली मटकी. संध्याकाळी हुलग्याचं माडगं. भाकरीबरोबर जवसाची चटणी. महेश्वरीने अकॅडमीच्या खोलीत स्वतःची शेगडी नेली आणि स्वतःची पळीसुद्धा. दुसऱ्याची पळी आपल्या भांड्यात पडू द्यायची नाही, हे ती दवाखान्यातून शिकून आली होती. आजही तिच्या पिशवीत ती पळी असते.

माडग्याचा वास सरांच्या खोलीपर्यंत गेला. "हा तर बैलाचा खुराक!" सर म्हणाले.

"व्हय सर. बैलाला अंडी चारताना बघितलंय का कुणी?"

मैदानभर हशा झाला. त्यात सरही हसले.

अट बंडप्पांनी घातली. ती दसऱ्याला, देवासमोर बसून, शांतपणे. "येळवशीपातूर बघू. त्या दिवशी आपल्या रानात, माझ्या डोळ्यांदेखत गोळा रेषेपार गेला, तर तू ऱ्हा तिकडं. न्हाय गेला तर सामान उचलून घरी ये. मला तुझा जीव पायजे, नोकरी न्हाय मिळाली तरी चालंल."

महेश्वरीने मान हलवली. अट चुकीची आहे असं तिला म्हणता येईना, कारण चक्कर तिला खरोखरच आली होती.

येळवशीला गाव रिकामं होतं आणि रानं भरतात. ज्याचं त्याचं शेत, कडब्याची खोप, खोपीत पाच पांडव म्हणून मांडलेले, चुना आणि काव लावलेले पाच दगड, आणि वाटेने जाणाऱ्या कुणालाही हाक मारून जेवायला बसवायचं. भज्जी म्हणजे त्या दिवसाचा मान: पावटा, वाटाणा, हरभरा, तुरीचे ओले दाणे, रानातल्या भाज्या, वर बेसनाचं दाट आळण. आणि अर्थातच शेंगदाणे.

दैवशालाबाईंनी भज्जी दोनदा केली. मोठी पितळी पातेली सगळ्यांसाठी, आणि एक भगुणं फक्त महेश्वरीसाठी, शेंगदाण्याशिवाय. ते भगुणं मोठ्या पातेलीजवळ ठेवलं तर येणारा-जाणारा तीच पळी इकडे बुडवणार, हे ठरलेलं. म्हणून त्यांनी ते दूर, हरभऱ्याच्या बांधालगत, सपाट जागा पाहून एकटंच ठेवलं आणि वर ताटली झाकली.

बंडप्पांनी पांडवांना लावून उरलेल्या चुन्याने रेष ओढली होती. अंतर आदल्या दिवशी सरांच्या मेजरटेपने मोजलं होतं. भगुणं त्या रेषेच्या पलीकडे होतं.

बलभीम सर पाहुणे म्हणून आले होते. शेजारच्या रानातले ईरण्णा, बंडप्पांचे लहानपणापासूनचे मित्र आणि तेवढेच जुने विरोधक, बांधावर येऊन बसले. आंबील शिंपडून झाली. महेश्वरीने मात्र आंबिलीच्या मडक्यापासून चार हात लांबूनच नमस्कार केला, कारण त्यात ताक होतं. मग तिने हाताला माती चोळली, गोळा उचलला आणि मानेला लावला.

"लक्ष्मीचं नाव घे," ईरण्णा ओरडले.

"श्वास धर," सर ओरडले.

बंडप्पा फक्त रेषेकडे बघत होते.

गोळा सुटला आणि टण्ण असा आवाज आला.

पहिली धाव दैवशालाबाईंची, भज्जीकडे. दुसरी सरांची, खुणेकडे. तिसरी ईरण्णांची, नुसतीच. तिघांचे सहा पाय, वर सांडलेली भज्जी. चुन्याची रेष आणि गोळ्याची खूण, दोन्ही त्या दाट हिरव्या आळणाखाली गेल्या.

"थेट लागला!" ईरण्णा म्हणाले. "म्या बघितलं की. रेषेवरनं उडत गेला पाखरागत."

"आधी धप्प झालं, मग टण्ण," बंडप्पा म्हणाले. "अलीकडं पडून गडगडला आसंल. रान उताराचं हाय."

"तुझ्या कानात कापूस हाय बंडू, लहानपणापासनं."

"आन् तुझ्या डोळ्यात."

सरांनी भगुणं उचलून पाहिलं. पोचा बरोबर पोटाच्या मधोमध होता. वरून पडला असता तर काठाला पाहिजे, गडगडत आला असता तर बुडाला. सरांनी भगुणं फिरवून फिरवून तपासलं आणि जाहीर केलं की यावरून काहीच सिद्ध होत नाही.

"सर, तुमी गुरू हाय. तुमी सांगा," दैवशालाबाई म्हणाल्या.

"ताई, खरं सांगू? त्या वक्ताला मी तिच्या खांद्याकडं बघत होतो." सर थोडे ओशाळले. "खांदा लई सुंदर फिरला. आसा फिरलेला मी कधी बघितला न्हवता."

या सगळ्या गोंधळात महेश्वरी मात्र आईकडे बघत होती.

"आई, एक इचारू?"

"इचार."

"भगुणं रेषेच्या पल्याड का ठिवलंस?"

दैवशालाबाईंनी पदराने हात पुसले. ते पुसून कोरडे झाले तरी पुसत राहिल्या. "मला वाटलं, सगळ्यांत सुरक्षित जागा तीच," त्या म्हणाल्या.

महेश्वरी हसायला लागली. आधी तोंड दाबून, मग पोट धरून, मग खाली मातीत बसून. "म्हंजे तुलासुदिक भरवसा न्हवता! तीन महिने माडगं पाजलंस आन् भरवसा न्हवता!" आईही हसायला लागली आणि तिने लेकीच्या पाठीत धपाटा घातला. बंडप्पांनी तोंड फिरवून तुरीकडे बघितलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

"परत फेकू द्या," सर म्हणाले.

"उपाशी पोटी?" ईरण्णा म्हणाले. "येळवशीला? आधी जेवण."

पण तिची भज्जी तर रानाने खाल्ली होती. दैवशालाबाईंचा चेहरा उतरला. तेव्हा ईरण्णांनी घसा खाकरून सांगितलं की त्यांच्या रानात एक वेगळं पातेलं आहे. "आमच्या हिनं केलंया. बिनशेंगाची. दवाखान्याचं ऐकल्यापास्नं म्हणत हुती, पोरगी येळवशीला आपल्याकडं उपाशी बसू ने."

"कूट?" महेश्वरीने विचारलं.

"कूट बी न्हाय. तेल बी करडईचं."

मग कळलं की वेगळं पातेलं फक्त ईरण्णांकडे नव्हतं. पलीकडे महांतप्पांच्या रानात होतं, ओढ्याकडे बजरंगच्या रानात होतं, आणि जिथे तिथे बायका बांधावर उभ्या राहून हाका मारत होत्या. प्रत्येकीला वाटत होतं की हे फक्त आपल्यालाच सुचलं. येळवशीला बोलावणं मोडता येत नाही. महेश्वरी पिशवीतली पळी काढून निघाली. प्रत्येक रानात तिचा प्रश्न एकच, "कूट?" एकीकडे उत्तर आलं, "जरासाच, चवीपुरता." त्या घरी तिने हात जोडले आणि तिळाची पोळी घेतली. बाकी सगळीकडे ती पोटभर जेवली. पावटा, वाटाणा, हरभरा, तूर. पुन्हा पावटा, वाटाणा, हरभरा, तूर.

सर तिच्या मागोमाग प्रत्येक रानात जेवले. तिसऱ्या रानात ते म्हणाले, "ह्याच्यापुढं अंडं काय करणार? पण हे अकॅडमीत कुणाला सांगू नगंस. म्या चार वर्षं अंड्याचं सांगत आलोय."

ती परत आली तेव्हा उन्हं कलली होती. बंडप्पांनी नवी रेष ओढायला चुना घेतला.

"आप्पा," महेश्वरी बांधावर आडवी होत म्हणाली, "आता गोळा काय, मला हात बी उचलंना."

बंडप्पांनी तिच्याकडे बघितलं. वाळलेली पोरगी असं तिला आता कुणी म्हणालं नसतं. त्यांनी चुन्याचं डबडं खाली ठेवलं.

"मग निकाल लागला न्हाय," ते म्हणाले. "अट तशीच. रेष परत मोजून घ्यावी लागंल, आन् टेप घरी हाय. रविवारी बघू."

"तोवर म्या कुठं ऱ्हाऊ?"

"निकाल लागेस्तोवर? तिकडंच. उगं मधी यवस्था मोडायला नको." एवढं बोलून ते बैलांना वैरण टाकायला गेले.

त्यानंतरच्या रविवारी बंडप्पांना टेप सापडली नाही. पुढच्या रविवारी सापडली, पण त्या दिवशी त्यांना हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. ईरण्णा रोज चहाच्या टपरीवर सांगतात की गोळा उडत गेला. बंडप्पा रोज सांगतात की गडगडला. पोचा आलेलं भगुणं दैवशालाबाईंनी ठोकून सरळ करू दिलेलं नाही. ते फळीवर पोचा दिसेल असं ठेवलं आहे, आणि महेश्वरी घरी आली की तिची डाळ त्याच्यातच शिजते.

मैदानी चाचणीची तारीख अजून जाहीर झालेली नाही.