सुदर्शन, वज्र आणि मनुबाईचा ऊस

एकोणऐंशी सालच्या डिसेंबरात आष्ट्याच्या बाजारात दोन जीपा समोरासमोर आल्या आणि कुणीच मागं सरेना. दोन्हींवर कर्णे बांधलेले. एक ओरडत होता, "आला, आला, सुदर्शन कॉम्प्युटर आला! डोळ्याचं पातं लवायच्या आत हजार बेरजा!" दुसरा त्याच्यावर ताण करत होता, "वज्र! वज्र! हजाराला कोण विचारतो? दहा हजार!" मिरच्या विकायला बसलेल्या बाया आ वासून ऐकत राहिल्या. एवढ्या बेरजा कशाच्या करायच्या असतात, हे मात्र एकाही कर्ण्यानं सांगितलं नाही.

गोष्ट एवढीच होती की चौरंगीनाथ साखर कारखान्याला कॉम्प्युटर घ्यायचा होता, आणि कारखान्यात गट होते दोन. चेअरमन आप्पासोंनी सुदर्शन धरला म्हटल्यावर व्हाईस चेअरमन नानासोंना वज्र धरणं भागच होतं. आप्पासो पूर्वेला तोंड करून दात घासतात एवढं कळलं, तरी नानासो पश्चिमेला वळतील, असली ती गोडी. बघता बघता सगळा मुलूख वाटला गेला. कुंडलच्या हॉटेलात वज्रवाले एका बाकावर, सुदर्शनवाले दुसऱ्यावर. यंत्र एकानंही पाहिलेलं नव्हतं, पण डोकी फुटायचीच काय ती बाकी होती. सुदर्शनला गार हवा लागते असं कळल्यावर वज्रवाले म्हणाले, "तुमचं यंत्र हाय का बाळंतीण?" त्यावर उत्तर आलं, "राजाला गारवा लागतोच, गड्या. उन्हात गाढवं बांधत्यात."

मनुबाईच्या कानावर हे सगळं येत होतं, पण तिचं चित्त तिच्या फडात होतं. गेल्या वर्षी सगळ्यांच्या आधी तिनं उसाची लागण केली होती. आता उसाला तुरे आले होते, पेरी पोकळ पडायला लागली होती, आणि तोडणीची टोळी तिच्या बांधावरनं रोज शेजाऱ्यांच्या रानात जात होती. कारखान्याचा नियम काय, तर ज्याची लागण आधी त्याची तोड आधी. ती आप्पासोंकडं गेली.

"मनुबाई, ऊस कृष्णाताच्या नावावर हाय," आप्पासो म्हणाले. "आन् कृष्णात तर न्हाई. मेलेल्या माणसाची पाळी कशी लावायची? त्येचं नाव कमी कर, तुझं लाव. दुसऱ्या दिवशी टोळी धाडतो."

कृष्णात तिचा नवरा. पलटणीत होता, एकाहत्तरच्या लढाईत गेला. माती तिकडंच झाली, घरी आली ती त्याची ट्रंक. तेव्हापासून त्याच्याच नावावर दरसाल ऊस जात होता आणि कुणाला हा मयताचा नियम आठवला नव्हता. गेल्या निवडणुकीत मनुबाई आप्पासोंच्या गाडीत बसली नाही, तेव्हापासून नियमाला पालवी फुटली. नानासोंकडं गेली तर ते म्हणाले, "आमचं पॅनेल येऊ द्या, मग बघू." म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात.

नाव कमी करतात म्हणजे काय करतात, ते तिनं सासऱ्याच्या वेळी पाहिलं होतं. लाल शाईची एक आडवी रेघ. ज्याचं शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही, त्याच्यावर आपणच रेघ मारायला सांगायचं, हे तिच्या जिवाला सोसत नव्हतं. पण ऊस गेला तर वर्षाचं पोट गेलं. शेवटी तिनं मनाचा धोंडा केला. कॉम्प्युटरच्या सामन्याला सगळे साहेब एका जागी भेटतील, तिथंच अंगठा देऊन मोकळं व्हायचं, असं ठरवून ती शेजारच्या साळूबाईला घेऊन कारखान्यावर गेली.

सामना कसला, जत्राच होती. मांडवात दोन टेबलं, टेबलांवर दोन यंत्रं, आणि दोन्हींना झेंडूचे हार. सुदर्शनचा इंजिनिअर पुण्याचा, गळ्यात टाय. वज्रचा मुंबईचा, दाढीवाला. यंत्रांनी कारखान्याच्या तोडीची पाळी लावून दाखवायची होती. त्यासाठी आठवडाभर लागणीच्या नोंदी यंत्रांत भरणं चाललं होतं. एकमेकांवर काडीचा विश्वास नसल्यामुळं सुदर्शनच्या माणसाच्या उशाला नानासोंचा माणूस बसला होता आणि वज्रच्या उशाला आप्पासोंचा. एक अक्षर कुणी इकडचं तिकडं होऊ दिलं नाही. इतका चोख कारभार त्या कारखान्यात पहिल्यांदाच झाला, आणि तो भांडणामुळं झाला.

आप्पासोंनी माईक घेतला. "ज्यो कॉम्प्युटर आधी पाळी लावंल त्योच घ्यायचा! आन् पैलं नाव ज्याचं निघंल, त्येच्या फडात उद्या सकाळी टोळी! भैरोबाची आन!"

टाळ्या पडल्या. यंत्र ज्याचं, नाव त्याच्याच माणसाचं निघणार, याविषयी कुणाच्याच मनात शंका नव्हती. आप्पासोंच्या मेव्हण्याला लोकांनी आधीच हार घालून ठेवला होता. नानासोंचा चुलतभाऊ फेट्यात बसला होता.

इंजिनिअरांनी कळा दाबल्या. काचेवर हिरवी अक्षरं उठली आणि उकळत्या भातातल्या शितांसारखी खालीवर व्हायला लागली. मनुबाईनं साळूबाईचा हात घट्ट धरला. न तोंड, न डोळे, न हात, आणि तरी ते विचार करत होतं. एवढ्या गावांची एवढी रानं, कुणी कवा कांडी पुरली, सगळं त्या पत्र्याच्या पेटीला ठाऊक होतं. देवळात गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर वाटतं तसं तिला भ्या वाटलं आणि बरंही वाटलं. मग दोन्हीकडं एकदमच खडखडाट झाला आणि कागद बाहेर यायला लागले.

टायवाल्यानं कागद फाडला. "पहिलं नाव, कृष्णात ज्ञानू निकम."

आप्पासोंचं तोंड उतरलं. नानासोंना हसू फुटलं. "तुमचं यंत्र बिघाडलंय! आमचं वाचा!"

दाढीवाल्यानं कागद डोळ्यांजवळ नेला, पुन्हा लांब धरला. "कृष्णात ज्ञानू निकम."

अख्ख्या मांडवाच्या अंगावर काटा आला. महिनाभर एकमेकांची उणीदुणी काढणारी दोन यंत्रं, एक पुण्याचं, एक मुंबईचं, आणि दोघांच्या तोंडून एकच नाव. कोंडीबा धनगरानं घोंगडं खांद्यावरनं उतरवलं आणि टेबलांपुढं हात जोडले. "येकच बोलली रं! ह्यास्नी गट न्हाई!"

"कुठे आहेत कृष्णात निकम?" टायवाल्यानं माईकवर विचारलं.

"त्यो मयत हाय," आप्पासो घाईघाईनं म्हणाले. "फुडचं नाव घ्या."

"साहेब, यंत्राला ते कळत नाही. लागण सगळ्यांत आधी यांची आहे, एवढंच त्याला माहीत आहे."

आठ वर्षांत ते नाव असं चारचौघांत कुणी घेतलं नव्हतं. घेतलं तर मागं 'मयत' लावूनच. मनुबाई पुढं निघाली. गर्दी आपोआप फाटली आणि ती टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मी त्येंची बायकू," ती म्हणाली. "ऊस हुबा हाय आमचा."

"भैरोबाची आन घेतलीया, आप्पासो!" नानासो ओरडले. त्यांना मनुबाईचं काही पडलं नव्हतं, पण आप्पासोंची मान अडकलेली बघून ते खूश होते. आप्पासोंनी मांडवाकडं पाहिलं, आणि माईकवर सांगून टाकलं की उद्या सकाळी टोळी निकमांच्या फडात जाईल.

मग यंत्र आधी कुणाचं थांबलं यावरनं दोन्ही गट एकमेकांवर धावून गेले. त्या गोंधळात आप्पासो मनुबाईच्या जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "टोळी धाडतो, त्यात बदल न्हाई. पर ते नाव तेवढं कमी करून टाक बघू आता."

मनुबाईनं डोळे पुसले.

"आवं आप्पासो, लांबलांबनं आलेली ही दोन यंत्रं त्येंला नावानं हाक मारत्यात," ती म्हणाली, "आन् मी पुसू व्हय?"