कोंडाजी मास्तरांची चौकट

जादूगाराने "दोष कुणाचा?" असं विचारायचं आणि सगळ्या कामगारांनी एका सुरात "स्वतःचा!" असं ओरडायचं, हे जयदीप साहेबांनी ज्योतीरामला तिसऱ्यांदा समजावून सांगितलं. कॅन्टीनमध्ये टेबलं हलवून खुर्च्या लावायचं काम चाललं होतं. ज्योतीराम हातातला कागद वाचल्यासारखं करत होता आणि मनातल्या मनात साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. चाळीस वर्षं स्टेजवर घालवलेल्या माणसाला हा कालचा पोरगा बोलायला शिकवत होता.

चाकणच्या त्या कारखान्यात गाड्यांचे पत्र्याचे भाग प्रेसवर दाबून काढत. सुरक्षा सप्ताह चालू होता. दरवर्षीची भाषणं ऐकून कामगार पेंगतात, म्हणून यंदा जादूगार बोलवायची टूम सेफ्टी ऑफिसर जयदीप यांनी काढली होती. मालकाचे असे बारा कारखाने होते, चाकणपासून आकुर्डीपर्यंत. आजचा खेळ पसंत पडला तर उरलेल्या अकरा ठिकाणीही ज्योतीरामच जाणार होता. गेल्या गणपतीपासून त्याला एक खेळ मिळाला असेल तर शपथ. त्याची बायको सुमनताई एके काळी पेटीत शिरून करवतीखाली झोपायची. ती आता दिघीत लोकांकडे पोळ्या लाटत होती. काल रात्री जेवताना तिने स्पष्टच सांगून टाकलं होतं की हे काम हातचं गेलं तर घरातल्या खेळाच्या ट्रंका भंगारवाल्याला देऊन ती जागा मोकळी करणार. बोलेल तसं करणारी बाई ती.

जादूगार म्हणजे हसतमुख, गोडबोल्या माणूस असा कुणाचा समज असेल तर तो सोडून द्यावा. ज्योतीराम उठल्यापासून कुणावर ना कुणावर डाफरत असे. त्याला कारणही तसंच होतं. त्याचे गुरू कोंडाजी मास्तर त्याला सांगायचे, की आपल्या आधीचे लोक रस्त्यात फडकं अंथरून आंब्याचं रोप उगवून दाखवायचे, गोऱ्या साहेबांच्या बायका बंगल्यावर बोलावून बघायच्या. पुढच्यांनी स्टेज धरलं, फेटा आणि मोत्यांच्या माळा घालून महाराजे झाले. मास्तरांचा तंबू गावोगावच्या जत्रांत लागायचा आणि बाया लेकरं काखेत घेऊन दोन-दोन कोस चालत यायच्या. मग टीव्ही आला आणि तंबू गुंडाळला. मग गणपती मंडळं, मग सोसायट्यांमधले वाढदिवस. आता तर सहा वर्षांचं पोर केक खाता खाता सांगतं, "अंकल, हे मोबाइलवर बघितलंय, बाहीत लपवलंय तुम्ही." त्या पोराच्या आईबापांनाही त्याचं कौतुक. ज्योतीरामच्या डोक्यात तिडीक जायची, पण हसावं लागायचं.

मास्तरांनी जाताना स्वतःच्या ट्रंका आपल्या मुलांना दिल्या आणि एक चौकट तेवढी ज्योतीरामला दिली. सागवानी, गुडघ्याएवढी उंच. वर रुंद पातं, मध्ये मनगट जाईल एवढं भोक, खाली गाजरासाठी दोन बारकी भोकं. मधल्या भोकात माणसाचा हात, खालच्यांत गाजरं. पातं सोडलं की गाजरं तुटून खाली पडत आणि हात जिथल्या तिथे. हे कसं होतं ते कुणाला सांगणार नाही, अशी शपथ मास्तरांनी त्याला पायावर हात ठेवून घ्यायला लावली होती. ज्योतीरामने ते सुमनताईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

दुपारी शिफ्ट बदलायच्या वेळेला खेळ सुरू झाला. पुढच्या रांगेत साहेब लोक, मागे निळ्या शर्टातले दोन-अडीचशे कामगार. रुमालाचे, दोरीचे खेळ झाले. टाळ्या पडल्या, पण कोरड्या. पहिल्या शिफ्टचे घरी जायचे थांबवून ठेवलेले, दुसऱ्या शिफ्टचे पुढच्या कामाच्या ओझ्याने वैतागलेले. एकाने जांभई दिली, ती ज्योतीरामने बघून ठेवली.

अशा वेळी काय करायचं हे मास्तरांनी शिकवलं होतं. गर्दीतला सगळ्यात घुम्या, सगळ्यात खार खाऊन बसलेला माणूस हेरायचा आणि त्यालाच वर बोलवायचं. तो वळला की सगळे वळतात. ज्योतीरामने नजर फिरवली. चौथ्या रांगेत एक पस्तिशीचा माणूस बसला होता, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून. मघापासून त्याने एकदाही टाळी वाजवली नव्हती. ज्योतीरामने त्याच्याकडे बोट केलं.

तो माणूस जागचा हलेना. "दुसऱ्याला घ्या," एवढंच म्हणाला. ज्योतीराम असल्यांना सोडणारा नव्हता. घाबरला का, घरी बायको रागवेल का, अशी थट्टा त्याने चालवली. एरवी या थट्टेवर मांडव हसतो. इथे कुणी हसलं नाही. कामगार चिडीचूप झाले आणि ज्योतीरामला वाटलं, आता खेळ रंगायला लागला. तो माणूस शेवटी उठला आणि डावा हात खिशात घालून वर आला. नाव विचारल्यावर धनेश म्हणून सांगितलं.

"डावा हात द्या," ज्योतीराम म्हणाला. नेहमी डावाच मागायचा असतो, उजव्याची लोकांना जास्त धास्ती असते.

धनेशने त्याच्याकडे असं रोखून बघितलं की दुसरा कुणी असता तर चपापला असता. मग त्याने खिशातून हात काढला आणि भोकात घातला.

आता इथे मास्तरांचा आणखी एक नियम होता. जिथे काम चाललंय तिथे जादूगाराने स्वतः कधी बघायचं नाही. तो जिकडे बघतो तिकडे लोक बघतात. समोरच्याच्या तोंडाकडे बघत बोलत राहायचं. हा नियम ज्योतीरामच्या अंगात इतका मुरला होता की घरी चहा गाळतानाही तो कपाकडे बघत नसे. त्याने धनेशच्या डोळ्यांत बघत कागदावरचं पाठ म्हणून टाकलं. मशीन कुणाचं वैरी नाही, सावध माणसाची बोटं शाबूत राहतात, आणि बेसावध राहून गेली, तर दोष कुणाचा?

पुढच्या रांगेतून चार-पाच आवाज आले, "स्वतःचा!" मागून एकही नाही.

त्याने पातं सोडलं. खाड्कन आवाज झाला, गाजरं स्टेजवर उडाली. टाळी नाही. सवयीने ज्योतीरामचं तोंड चालतच होतं. "काढा हात बाहेर. वर करा. आणि मोठ्यानं मोजून दाखवा बोटं."

धनेशने हात वर केला.

"एक," तो म्हणाला. "दोन."

आणि थांबला.

तेव्हा ज्योतीरामने हाताकडे बघितलं. अंगठा होता आणि करंगळी होती. मधल्या तीन बोटांच्या जागी नवी, गुलाबी कातडी होती. समोरच्या अडीचशे लोकांना हे पहिल्यापासून ठाऊक होतं. आपण काय करून बसलो ते त्याला कळलं आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं त्याला झालं.

जयदीप साहेब मात्र उठून वर आले. माणूस हुशार. त्यांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले की बरं झालं, जिवंत उदाहरणच समोर आलं. धनेशने चार महिन्यांपूर्वी प्रेसमध्ये निष्काळजीपणे हात घातला, त्याचं फळ सगळ्यांनी बघावं आणि बोध घ्यावा.

"हात आत गेला की मशीन थांबवतो तो शेन्सर बंद होता, सायब," धनेश म्हणाला. आवाज चढवला नाही. "मशीन सारखं थांबायलंय, माल निघंना, म्हणून तुमीच बंद करायला लावला. आन् कागदावर माझी चूक लिवली. मी त्याच्यावर सही केली न्हाई अजून."

"हे स्टेज त्यासाठी नाही, धनेश. खाली जा," साहेब म्हणाले. मग माइकवर हात ठेवून ज्योतीरामच्या कानाशी आले. "काका, पुढचा आयटम घ्या पटकन. अकरा प्लांट अजून बाकी आहेत, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं तर. सुमनताईचा चेहरा लक्षात होता, पोळपाटावर वाकलेली तिची पाठ लक्षात होती. धनेश पायऱ्या उतरायला लागला होता आणि तो हात परत खिशात चालला होता. ज्योतीरामला राग आला. साहेबाचा आला, मुकाट बसलेल्या त्या अडीचशे जणांचा आला, पण सगळ्यात जास्त स्वतःचा आला. हा माणूस नको नको म्हणत असताना आपण त्याला ओढून आणलं, वर त्याच्या तोंडावर विचारलं, दोष कुणाचा.

त्याने साहेबांच्या हातातून माइक घेतला आणि कोंडाजी मास्तरांची चौकट लोकांकडे पाठ करून फिरवली.

"हिकडं बघा," तो म्हणाला. "हे कुणाला दाखवायचं नसतं. आत पाती दोन आहेत, आणि ह्या मागं खटका आहे. मी अंगठ्यानं हा आत दाबला की वरचं पातं अडकतं, नुसतं खालचं सुटतं." त्याने मनगटाच्या भोकात एक गाजर घातलं, खटका दाबला, पातं सोडलं. गाजर शाबूत. "आता दाबत नाही." पातं पडलं आणि गाजराचे दोन तुकडे झाले. "चाळीस वर्षांत शेकड्यांनी लोकांनी यात हात घातला. कोण सावध होता, कोण पिऊन आलेला होता. एकाचंही बोट गेलं नाही, कारण खटका माझ्याकडं होता. ज्या दिवशी जाईल, त्या दिवशी दोष माझा. हात घालणाऱ्याचा नाही."

पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही. साहेबांनी माइकची वायर काढायला लावली होती. अकरा प्लांट विसरा, असं ते ज्योतीरामला म्हणाले आणि जागेवर जाऊन बसलेसुद्धा नाहीत, तसेच बाहेर गेले. टाळी वाजली नाही. पण कामगार चहाकडे न जाता एकेक करून वर आले. सगळे मशीनवरचे लोक. कुणी खटका दाबून बघितला, कुणी स्प्रिंग चाचपली, एक जण म्हणाला की पात्याला तेल कमी आहे. जे कळायला ज्योतीरामला दोन वर्षं लागली होती ते त्यांना एका मिनिटात कळलं. मास्तरांचं नाव घेऊन मनातल्या मनात माफी मागण्यापलीकडे त्याला काही करता आलं नाही.

सगळे गेल्यावर धनेश आला. ज्योतीराम म्हणाला, "चुकलं माझं. मी बघितलंच नाही."

"उपकार केल्यासारखं नका बोलू," धनेश म्हणाला. "तुमी जाताल घरी. मला उद्या आत बोलवून घेतील, आन् का बोललास म्हणून इचारतील." धनेश थोडा वेळ चौकटीकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "ही मला द्या."

"कशाला?"

"कामगार खात्याच्या सायबाकडं तीन येळा जाऊन आलो. प्रेस म्हंजे काय, शेन्सर म्हंजे काय, मला सांगताच येईना. कागद दाखव म्हणतात. ही टेबलावर ठेवली की झालं. पुढच्या मंगळवारी तारीख हाय."

ज्योतीरामच्या ओठांवर नकार आला होता. ही एकच वस्तू मास्तरांनी त्याला आपण होऊन दिली होती आणि हिच्याशिवाय त्याच्या खेळात राहत होतं काय, रुमाल आणि दोऱ्या. तरी त्याने स्टेजच्या कडेला चौकट ठेवली आणि धनेशला शेजारी बसायला सांगितलं.

"उजव्या हातानं धरा. तिथं नाही, खाली. आता सोडा."

धनेशचं पहिलं गाजर तुटायला नको तेव्हा तुटलं. दुसरंही तुटलं. ज्योतीराम त्याच्यावर खेकसला, मास्तर त्याच्यावर खेकसायचे तसाच. घाई काय आहे, गाडी चुकतेय का, असं म्हणाला. तिसऱ्या वेळी जमलं, पण धनेशने नकळत मूठ आवळून खटका झाकून घेतला होता.

"अंगठा झाकू नका," ज्योतीराम म्हणाला. "खात्याच्या सायबाला दिसला पाहिजे."

चाळीस वर्षं तो स्वतः हाच अंगठा झाकत आला होता. धनेशने अंगठा बाहेर काढून ठेवला. ज्योतीरामने खाली पडलेले तुकडे बाजूला सारले आणि भोकात नवं गाजर घातलं.